बाहेरचं बाक

खुर्ची मागे सरकली. झालं एवढंच. ती आत पाऊल टाकते न टाकते, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू चढवते न चढवते, तोच टेबलापलीकडच्या चौघांपैकी उजव्या टोकाच्या बाई उठल्या, त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्म्याची डबी उचलली आणि तिच्या अगदी खांद्याजवळून, तिच्याकडे न बघता, बाहेर निघून गेल्या. रागानं नाही, घाईनं नाही. आपला थांबा आला की माणूस बसमधून उतरतो ना, तशा. दार आपोआप मिटणारं होतं. त्यानं मिटायला चांगला वेळ घेतला, लांबलचक सुस्कारा सोडला, आणि मग खट्. तिनं आरशासमोर, जिन्यात, आंघोळ करताना, जिथं सापडेल तिथं घोटलेलं ते पहिलं सुंदर वाक्य डोक्यातून साफ गेलं. जणू बाई जाताना तेही डबीत घालून घेऊन गेल्या.

एरवी वाक्यांची तिला कधी वानवा नसे. बाबा तिला रेडिओ म्हणत, आणि वर म्हणत की ह्या रेडिओला बंद करायचं बटण बसवायला कारागीर विसरला. पण गेल्या वर्षापर्यंत हा रेडिओ फक्त घरात वाजायचा. वर्गात हात वर करायचा म्हटलं की दंड जड होत, कानांच्या पाळ्या तापत. मग एके दिवशी विज्ञानाच्या तासाला कोळ्याचे पाय किती ह्यावरून वाद झाला आणि ती उभी राहिली, आणि उभी राहिली ती राहिलीच, तास संपेपर्यंत, जाळ्याचे आरे आधी की वळसे आधी इथपर्यंत. तिचा आवाज तिला स्वतःलाच नव्या चपलांसारखा वाटला होता, करकरीत, थोडा लागणारा, पण आपला. तेव्हापासून तिनं मागे पाहिलं नव्हतं. आणि आज, देशभरच्या प्रयोगशाळांना जे मंडळ पैसा पुरवतं त्याच मंडळाच्या इमारतीत, शाळेतल्या मुलांना वर्षभर खऱ्या प्रयोगशाळेत खऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ठेवणाऱ्या योजनेच्या मुलाखतीत, तिच्या तोंडून निघालं ते असं: “मी... म्हणजे कोळी. कोळ्यांवर.”

“तू कोळ्यांवर की कोळी तुझ्यावर?” मधले अध्यक्ष म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून ठेवलेले, मऊ आवाजाचे. “बस, बाळ. त्यांचं मनावर घेऊ नकोस. नियमाप्रमाणे त्या आता बाहेर बसतील.”

नियमाप्रमाणे! म्हणजे धीर मिळायच्या ऐवजी आणखी एक काटा. कुठला नियम? तिनं कुठला नियम मोडला? ती बसली. खुर्ची तिला उंच होती आणि पाय जमिनीला टेकतात न टेकतात. डावीकडे पुलांच्या भेगांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या शेजारी वही घेतलेल्या योजनेच्या ताई, मध्ये अध्यक्ष, आणि उजवीकडे ती रिकामी खुर्ची, थोडी वाकडी, उठणाऱ्याच्या आकाराची. ह्या चौघांत कोळ्यांमधलं कळणारं माणूस एकच होतं. हे तिनं आधीच शोधून ठेवलं होतं. मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांचा फोटो होता, आखूड राखाडी केस, आणि खाली कोळ्यांच्या रेशमावरच्या त्यांच्या कामाची यादी. तिनं मनातल्या मनात त्यांचं नाव राखाडी बाई ठेवलं होतं आणि गेले कित्येक दिवस ती फक्त त्यांच्याशीच बोलत होती. बाई विचारणार, दिव्याखालचे कोळी तू ओळखलेस कसे, आणि ती सांगणार, पाठीवर रंगाचा ठिपका देऊन. बाई भुवई उंचावणार. ज्या एका गिऱ्हाइकासाठी दुकान मांडलं, नेमकं तेच पायरीवरून परत गेलं.

तरी ती बोलली. बोलायला लागली की जीभ आपली वाट काढते, हे तिला त्या तासापासून माहीत होतं. त्यांच्या इमारतीमागच्या गल्लीत खांबांवर दिवे आहेत, आणि गल्ली वळते तिथले दिवे बरेच दिवस गेलेलेच आहेत. उजेडातले कोळी आणि अंधारातले कोळी, जात एकच, चाकासारखं गोल जाळं विणणारी. तिनं संध्याकाळी पाण्याचा बारीक फवारा मारून, मागे काळा पुठ्ठा धरून जाळ्यांचे फोटो काढले, वळसे मोजले. उजेडातली जाळी लहान, विरळ. अंधारातली मोठी, दाट. म्हणून उजेड कोळ्याचं विणकाम बिघडवतो. फोटो टेबलावरून फिरले. पूलवाले म्हणाले, “सुरेख आहेत. पण देशानं कोळ्यांवर खर्च का करायचा?” त्यावर ती म्हणाली, “तुमचा पूल आणि त्याचं जाळं, दोन्ही ताणावरच उभी असतात ना? फक्त त्याचं पडलं तर तो सकाळी परत बांधतो.” ताई खुदकन हसल्या. तिचे पाय जमिनीला टेकल्यासारखे झाले. आणि तेवढ्यात अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

“दिव्याखाली उजेड असतो,” ते म्हणाले, “आणि दिव्याखाली किडेही जमतात. पोटभर खाऊ. मग जाळं लहान झालं ते उजेडामुळे, की पोट भरलं म्हणून?”

इतकी साधी गोष्ट. डोळ्यांसमोर रोज घोंघावत होती, केसांत शिरत होती, फोटोतसुद्धा होती, आणि तिला दिसली नव्हती. तिनं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं बसलेलं असेल.

“अडलीस?” अध्यक्ष खुलले. “छान! आम्ही ह्याच जागेची वाट बघत होतो. इथं येतं त्या प्रत्येक मुलाला आम्ही अडेपर्यंत विचारतो आणि अडलेला प्रश्न बरोबर देऊन घरी पाठवतो. उद्या सकाळी परत ये. उत्तर नको. उत्तर कसं शोधशील ते सांग. कुणालाही विचार. आई, बाबा, गुरुजी, कोळी. फक्त कुणाला विचारलंस ते इथं सांगायचं.”

बाहेर लांब अरुंद बोळ होता आणि बोळात एकच बाक. बाकावर राखाडी बाई. पाठ ताठ, हात मांडीवर, मुलाखतीला आलेल्यासारख्या. भिंतीवर मंडळाच्या मदतीनं चाललेल्या कामांची चित्रं लावली होती, समुद्रतळातला आंधळा किडा, दुष्काळात तग धरणारं एक गवत, तान्ह्या मुलाच्या खोकल्याचा आवाज ओळखणारं यंत्र, आणि त्या चित्रांच्या वर, छताच्या कोपऱ्यात, एक खरंखुरं मळकं जाळं. सफाईच्या बाईंनी लांब दांड्याचा झाडू उचलला होता. “राहू दे,” राखाडी बाई म्हणाल्या. आणि मग थोडं थांबून, “तिचं घर आहे... ते.” झाडू खाली आला. मुलगी जागच्या जागी थिजली. दारातल्या ताईंनी खूण केली तशा बाई उठल्या, आणि परत आत गेल्या, पुन्हा तिच्याकडे न बघता. पण ह्या वेळी ते न बघणं मुद्दाम होतं. माणूस कुणाकडे खरंच बघत नसेल तर मान इतकी आवळून धरत नाही.

ती थिजली होती, कारण ते वाक्य तिच्या घरातलं होतं. शब्द न् शब्द. ‘घर आहे’नंतरच्या त्या थांबण्यासकट. स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या कोपऱ्यात तिला कळायला लागल्यापासून एक जाळं होतं, राहणारी बदलत असेल, जाळं कायम, आणि कोणी झाडू उचलला की आई ओट्यापाशी पाठमोरी असतानाच म्हणायची, राहू दे, तिचं घर आहे... ते. समोरच्या मावशी यायच्या आणि म्हणायच्या, “तुमच्याकडे काय बाई, जाळ्यांचं म्युझियम! तिकीट लावा.” लहानपणी तिला त्याची लाज वाटायची. मैत्रिणींना ती स्वयंपाकघरात येऊच द्यायची नाही. आई आळशी आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि वर असंही की आळशी माणूस आपला आळस किती सुंदर शब्दांत गुंडाळतो. आता तेच शब्द एका परक्या बाईच्या तोंडून, परक्या बोळात. बसमधून कोणी आपल्याच आईची साडी नेसून उतरावं, तसं झालं.

ताईंना तिनं जिन्यापाशी गाठलं. “त्या मॅडम का उठल्या? माझं काय चुकलं?” ताईंना हसू आलं. “तुझं काही नाही गं. समितीतल्या कुणाची उमेदवाराशी किंवा त्याच्या घरच्यांशी ओळख असेल तर त्यानं ती आधी सांगायची, उठून बाहेर बसायचं आणि उमेदवाराबद्दल कुणाशी बोलायचं नाही. वशिल्याला जागा नको.” “पण मी त्यांना ओळखत नाही!” “मग घरचं कोणी ओळखत असेल. त्यांनी स्वतःच सांगितलं. कोण, कसं, ते आम्ही विचारत नाही.” आणि ताई पुढच्या मुलाला हाक मारायला गेल्या.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली आणि ती बसली नाही. बसवेचना. आधी तिचा संशय बाबांवर. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, अर्ध्या शहराला त्यांनी कधी ना कधी वर-खाली केलेलं, आणि अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारायची त्यांना खोड. कुणी सांगावं, एखाद्या दुपारी राखाडी बाई दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या असतील आणि बाबा वरून विचारत असतील, आत किती जण, जेवलात का. पण लिफ्टमध्ये अडकून आईचं वाक्य येत नाही. म्हणजे आई. आई, जी रक्त तपासायच्या दुकानवजा लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते आणि घरी आल्यावर डोळे मिटून चहा पिते. आई ‘पूर्वी विद्यापीठात काहीतरी करायची’. हे वाक्य घरात होतं, पण ते कुणी पुरं केलं नव्हतं. पूर्वी आपण त्या गल्लीत भाड्यानं राहायचो म्हणावं, तसं ते उच्चारलं जाई आणि विषय पुढे सरके. आता बस वळत होती आणि तिच्या मनातही एकेक गोष्ट कूस बदलत होती. वळसे मोजायला ती पहिल्यांदा निघाली तेव्हा आई भाजी चिरता चिरता म्हणाली होती, “वारा होता का तेही लिहीत जा.” कोळ्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा तर तो थरथरतो, हात कापतो, म्हणून ती रडकुंडीला आली तेव्हा आईनं तो कोळी कागदाच्या पुंगळीत असा काही अलगद धरला होता की तो झोपलाच जणू. तेव्हा तिला काय वाटलं होतं? की आईला सगळंच येतं. आयांना येतं तसं. आणि अर्ज भरताना, “बाबांचं नाव पुरे नाही का गं? माझं कशाला?” दोघांचं लागतं म्हटल्यावर आईनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, बारीक अक्षरात.

तिला राग यायला लागला, आणि राग आला म्हणून बरं वाटलं. ओळख म्हणे! ह्यांच्या कुठल्या जुन्यापुराण्या ओळखीपायी तिचा तो एक माणूस उठून गेला, ज्याला उजेड आणि किडे हे दोन्ही आधीच ठाऊक असतं, ज्यानं तिला सांभाळून घेतलं असतं. आता उद्या सकाळपर्यंत तिच्या हातात एक अडलेला प्रश्न आणि तो सुटला नाही तर सगळं संपलं. वर्षभर त्या काचेच्या खोल्या, पांढरे कोट, नळ्या, कोळ्यांची कपाटं, सगळं दुसऱ्या कुणाचं. ती पुन्हा गल्लीतल्या खांबाखाली पुठ्ठा धरून उभी. आणि रागाच्या खालून दुसरंच काहीतरी चालत येत होतं, बारीक पायांनी. आईनं सोडलं का? केव्हा? तिनं मनात वर्षं लावून पाहिली. आजोबांचं अंथरुणाला खिळणं आणि तिचं स्वतःचं पोटात येणं, दोन्ही एकाच वर्षातलं, हे घरात कितीदा बोललं गेलं होतं, हसत हसत. एक जायच्या वाटेवर आणि एक यायच्या! मग आईनं सोडलं ते आजोबांमुळे, की माझ्यामुळे? उजेडामुळे की किड्यांमुळे? दोन्ही एकाच दिव्याखाली. आणि इथं दुसरी गल्ली नाही, अंधारातली आई नाही, जिच्याशी ही आई ताडून बघावी. तिचा थांबा आला आणि गेला. ती एक थांबा उलटी चालत आली, भराभर, जणू चालण्यानं काही मागे पडणार होतं.

आई संध्याकाळी आली, पर्स खुंटीला अडकवली, चहाचं आधण ठेवलं. “काय म्हणाले?” तिनं सगळं एका दमात सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, “एक बाई उठून गेल्या.” “म्हणजे?” “कोळ्यांवाल्या. आखूड राखाडी केस. मला बघितलं आणि उठून बाहेर जाऊन बसल्या. ओळख असली की उठावं लागतं म्हणे.” आईचा हात साखरेच्या डब्यावर होता तो तिथंच राहिला. आईची पाठच दिसत होती. पाठीला काय झालं ते सांगता येणार नाही, पण त्या पाठीला पूर्वी कधी काही झालेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“कोणी उठवलं तिला?” आईनं विचारलं. “कुणाच्या लक्षात आलं?”

“कुणाच्या नाही. स्वतःच सांगितलं म्हणे आधी. स्वतःच उठल्या.”

“स्वतः,” आई म्हणाली. चहा उतू गेला. दोघींनी एकदमच गॅसकडे हात नेला.

“तिनं मला ओळखीत धरलं,” आई म्हणाली, आणि तिथंच खाली, ओट्याला टेकून, जमिनीवर बसली. तिनं आईला असं जमिनीवर बसलेलं फक्त विजेचं बटण दुरुस्त करताना पाहिलं होतं. तीही समोर बसली. मग आई बोलली, तुकड्यातुकड्यांनी, जणू लांबच्या नातेवाइकाबद्दल. दोघींना मंडळाची एकच शिष्यवृत्ती, वसतिगृहात एकच खोली, प्रयोगशाळेत एकच टेबल. दोघींचे कोळी शेजारी शेजारी. खोलीतल्या कोपऱ्यात जाळं होतं, त्याला हात लावायचा नाही हा त्यांचा दोघींचा पहिला करार. “ते वाक्य आधी ती म्हणाली की मी, आता आठवत नाही. भांडायचो त्यावरून.” मग आई घरी आली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. मैत्रिणीचे निरोप येत राहिले. तुझ्या कोळ्यांना मी खायला घालते आहे. अजून घालते आहे. ये. “काय कळवणार होते मी? येते म्हणायचं तर येता येईना, येत नाही म्हणायचं तर म्हणवेना. मग ती मोठी झाली, नावाजली. मी लांबून बघत होते. मला वाटलं, ती मला कधीच विसरली असेल. बाजारात समोर आले तर ओळख लागायची नाही.”

“मग?”

“मग काय? विसरली असती तर खुर्चीत बसून राहिली असती ना!”

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सबंध दिवस त्या उठण्याचं ती एकच टोक धरून बसली होती, आपल्या बाजूचं. बाई बसून राहिल्या असत्या तर तिचं भलं झालं असतं, आणि आईचं काहीच झालं नसतं. तिला एकदम बाईंची ती आवळलेली मान आठवली. आणि तिनं तो दुसरा प्रश्न विचारून टाकला, तोंडातून निसटला म्हणा, कारण असले प्रश्न ठरवून विचारता येत नाहीत. “आई, तू सोडलंस ते आजोबांमुळे की माझ्यामुळे?”

नाही गं वेडे, तुझ्यामुळे कसं, असं आई चटकन म्हणेल असं तिला वाटलं होतं, आणि म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. “मला नाही सांगता येत,” आई म्हणाली. “तेव्हाही आलं नाही. दोन्ही एकदम आलं. आणि माझा स्वतःचा कंटाळाही त्यात होता, तो कुणी मोजला नाही. एकदाच झालेल्या गोष्टीत कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही, बाळा. तुझे कोळी बरे. त्यांना वेगळं काढता येतं.”

“कसं?”

“दोन गोष्टी एकत्र नांदत असतील तर आधी त्यांना वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं.” आई उठली. ती उठली तेव्हा तिचा आवाज निराळाच होता, त्यात चहा नव्हता, लॅबची बस नव्हती. कपाटावरचे बुटांचे खोके खाली आले, कात्री आली, पारदर्शक कागद आला. बाबा घरात शिरले तेव्हा मायलेकी फरशीवर चिकटपट्टीच्या गुंत्यात. “हे काय, घर हलवायचं चाललंय?” “बिऱ्हाडं मांडतोय,” ती म्हणाली. “चार. ह्यात उजेड आणि खाऊ. ह्यात उजेड, पण उपास. ह्यात अंधार आणि खाऊ. ह्यात अंधार आणि उपास.” बाबांनी चारही खोकी वाकून पाहिली. “ह्या शेवटच्या भाडेकरूनं काय पाप केलंय?” आई हसली नाही. आई खोक्याच्या आतल्या कडेला खडबडीत कागद चिकटवत होती. “गुळगुळीत भिंतीवर तिला धागा अडकवता येत नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या बोटांकडे बघताना मुलीला वाटलं की ही बोटं मी पहिल्यांदाच बघते आहे, आणि त्याच क्षणी असंही, की ह्याच बोटांनी माझ्या वेण्या घातल्या. दोन्ही खरं होतं. दोन्हीला वेगळं बिऱ्हाड करून देता येत नव्हतं.

“उद्या तुझं नाव सांगावं लागेल,” ती म्हणाली. “कुणाला विचारलं ते सांगायचा नियम आहे.” तिला वाटलं, आई आता म्हणेल, बाबांचं पुरे नाही का. आईनं चिकटपट्टी दातानं तोडली. “माहेरचंही सांग,” आई म्हणाली. “तिला तेच ठाऊक आहे.”

सकाळी आईनं लॅबला रजा सांगितली. आईनं रजा! कपाट दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं, शेवटी रोजचेच कपडे घातले आणि केस मात्र वेगळे बांधले. “मी खालीच बसेन,” बसमध्ये म्हणाली. इमारतीच्या दारात म्हणाली, “पहिल्या मजल्यापर्यंत येते.” लिफ्टपाशी ती थबकली, कारण निघताना बाबांनी बजावलं होतं, तिथली लिफ्ट मी पाहिलेली आहे, जिन्यानं जा. मग जिना चढता चढता दोघी बोळापर्यंत येऊन पोचल्या, आणि बोळात एकच बाक होतं, रिकामं. आई त्याच्या एका टोकाला बसली. वरच्या कोपऱ्यात जाळं तसंच. आईनं ते पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं, पर्सच्या चेनकडे. ती चेन तिनं उघडली, लावली, उघडली.

नाव पुकारलं गेलं. ती आत गेली, हातात एकात एक घातलेली खोकी, आणि उजव्या टोकाची खुर्ची मागे सरकली. आज तिनं तो आवाज नीट ऐकला. राखाडी बाईंनी टोपण लावलं, डबी उचलली. ती बाजूला झाली आणि तिनं दार उघडून धरलं, पाहुण्यांसाठी धरतात तसं, पूर्ण. बाई उंबऱ्यात आल्या आणि थांबल्या. आज त्यांनी पाहिलं, तिच्याकडे नाही, तिच्यापलीकडे. दार सोडल्यावर ते नेहमीसारखं रमतगमत मिटायला लागलं, आणि त्या मिटत जाणाऱ्या फटीतून तिला दिसलं, आईनं पर्स बाकावरून उचलून मांडीवर घेतली, जागा करून दिली. मग सुस्कारा, मग खट्.

“कुणाला विचारलंस?” अध्यक्षांनी विचारलं. तिनं आईचं नाव सांगितलं, सगळं, माहेरचंही, खणखणीत, वर्गात उभी राहिली होती त्या आवाजात. ताईंच्या पेनाचा आवाज झाला. अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग तिनं टेबलावर चार बिऱ्हाडं मांडली. उजेड, पण किडे नाहीत. किडे, पण उजेड नाही. जाळं कुठं आखडतं ते बघायचं. एकेक कोळी नको, प्रत्येक घरात पाळीपाळीनं बरेच, कारण एखादा मुळातच आळशी निघायचा. बोलता बोलता तिचा निम्मा कान दाराशी होता. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते काहीच नसणं तिला सहन होत नव्हतं. आईनं काही बोलावं. बाईंनी बोलावं. उमेदवाराबद्दल बोलायचं नाही एवढाच नियम होता ना, बाकी इतकी वर्षं पडली होती! की एका बाकाच्या दोन टोकांना दोन ताठ पाठी, आणि मध्ये ती उगाच केलेली जागा?

पूलवाल्यांनी खोक्याच्या खडबडीत कडेवरून बोट फिरवलं. “हे कुणी सुचवलं? नाहीतर ताणच बसला नसता.” “आईनं.” “हं.” अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि खोकं उचलून डोळ्यांशी धरलं. “आता मला सांग. खोक्यात कोंडलेला कोळी खांबावरच्या कोळ्यासारखा विणतो कशावरून? परक्या घरात तूसुद्धा घरच्यासारखी जेवत नाहीस.”

ती अडली. पुन्हा! पण काल अडली तेव्हा पायाखालची जमीन गेली होती, आज समोर एक दार दिसलं आणि त्याला कुलूप होतं, एवढंच. तिला हसूच आलं.

“हा घरी देण्यातला नाही,” अध्यक्ष म्हणाले. “एका रात्रीत सुटायचा नाही. ह्याला प्रयोगशाळा लागेल, आणि वर्ष लागेल. चालेल?”

तिला आधी कळलंच नाही. मग पूलवाल्यांचा चेहरा दिसला, ताईंचा दिसला. ती तोंड उघडणार, चालेल म्हणणार, आणि चालेल म्हटल्यावर रेडिओ किती वेळ वाजत राहील ह्याचा नेम नाही, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी कुणीतरी ठसकल्यासारखा, मग हसण्याचा. दोन हसणी एकात एक गुंतलेली, एक घोगरं, एक नाकातून फुर्र करून निघणारं, शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलींसारखं, तोंडावर हात दाबूनही न दबलेलं. ते फुर्र आईचं होतं. असं हसू त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. ते पुन्हा आलं, ह्या वेळी मोठ्यानं. दाराला काही ते अडवता येईना. ताई कपाळाला आठ्या घालून गप्प करायला उठू लागल्या.

“राहू द्या,” ती म्हणाली.